एल्गिनच्या दगडातली रिकामी हाडं

जीवाश्म म्हणजे दगड झालेलं हाड, असं आपण शाळेत शिकलो. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ एल्गिन गाव आहे. तिथल्या लॉसीमाउथ वालुकाश्मात मात्र बऱ्याचदा हाड नसतंच. असते ती हाडाच्या आकाराची पोकळी.

सुमारे 23 कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं. मेलेल्या जनावरावर वाऱ्याने वाळू चढली. वाळूतल्या क्वार्ट्झ या खनिजाचे कण हाडाला बिलगून बसले आणि एकमेकांना चिकटून दगड झाले. पुढे झिरपत्या पाण्यात हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळलं. क्वार्ट्झ अशा पाण्याला सहसा दाद देत नाही. मूर्ती गेली, साचा राहिला! (शाळिग्रामातलं चक्रही असंच, गंडकीकाठच्या दगडातल्या अमोनाइटच्या, म्हणजे नामशेष झालेल्या एका सागरी प्राण्याच्या शंखाचं. ते वज्रकीटकाने कोरल्याची कथा खुशाल ऐकावी, श्रेय मात्र शंखाला द्यावं.)

आता साच्यात ओतायचं काय? कवटीच्या पोकळीला आत वळलेले कोपरे फार, त्यात प्लास्टर ओतलं तर काढताना मोडणारच. 1960च्या सुमारास जीवाश्मांचे अभ्यासक ॲलिक वॉकर यांनी लवचीक पीव्हीसी प्लास्टिक वापरलं. ते ताणून ओढायचं, सुटलं की मूळ आकारात येतं. पण त्यासाठी आधी दगड उघडावा लागतो. सीटी स्कॅनला ती गरज नाही. दगड थोडाथोडा फिरवत शेकडो एक्स-रे घ्यायचे. त्यांवरून संगणक आतल्या प्रत्येक ठिपक्याने किती किरण शोषले ते काढतो. क्वार्ट्झ बरेच शोषतं, हवा जवळजवळ नाहीच. न शोषणारे ठिपके जोडत गेलं की पडद्यावर हाड उभं राहतं. म्हणजे इथे हाड नसणंच सोयीचं! 1907 साली नाव मिळालेला, जेमतेम 20 सेंटिमीटरचा स्क्लेरोमोक्लस हा सरपटणारा प्राणी उडत्या टेरोसॉरांच्या गोतावळ्यातला आहे, हे 2022मध्ये अशाच स्कॅनमधून पुढे आलं.

या काळातलं काहीही सापडलं की बातमीत ‘डायनासोर’ होतो. एल्गिनचा सॉल्टोपस तसा 1910पासून मिरवत होता. 2011च्या फेरतपासणीत तो डायनासोरांचा जवळचा नातलग ठरला, डायनासोर नव्हे.

मला इथला सर्वांत आवडता प्राणी म्हणजे चोचवाला, झाडपाला खाणारा हायपरोडॅपेडॉन. त्याचे भाऊबंद आपल्या गडचिरोलीपलीकडे, प्राणहिता ओलांडून तेलंगणातल्या मालेरीच्या खडकांतही सापडतात. तेव्हा सगळे खंड एकत्र होते, चालत जायला समुद्र आडवा येत नव्हता. मालेरीच्या लाल चिखलात मात्र त्याची हाडं हाडंच राहिली.