‘बंदिस्त आवार’ आणि पुण्याभोवतीचे ऑफ-रोड ट्रॅक : पार्श्वभूमी

पिरंगुट मागे पडलं की मुळशी रस्त्याच्या कडेला एटीव्ही (जाड टायरांची, खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी उघडी गाडी) राइडचे फलक दिसू लागतात. पानशेतकडे, कामशेत-पवना पट्ट्यातही तेच. असा ट्रॅक टाकायला परवानगी कुणाची, असं विचारलं तर ग्रामपंचायत, तहसील, महानगर प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि पोलीस अशी चार दारं सांगितली जातात. चारही दारांत विचारपूस होते ती मुख्यतः जागेची. गाडीचा विषय क्वचित निघतो. असं का, हे कळायला कायद्यातले दोन शब्दप्रयोग उलगडावे लागतात. त्यांच्याकडे येतोच, पण आधी जमीन.

जमिनीची बाजू जुनी आणि बरीच स्पष्ट आहे. महसूल कायदा 1966 चा, नगररचना कायदाही त्याच वर्षीचा. नगररचना कायद्याने ‘विकास’ या शब्दात जमिनीच्या वापरातला ठळक बदलही धरला आहे. म्हणजे शेतात एक वीटही न रचता नुसते चढउतार करून तिकीट लावलं, तरी विकास परवानगीचा प्रश्न येतो. 1:5 पेक्षा जास्त उताराच्या जमिनीवर बांधकामाला बंदी आहे. ऑफ-रोडवाल्याला नेमका तोच उतार हवा असतो, त्यामुळे पहिला खटका तिथेच उडतो. शिवाय उंचवटे मुरुमाचे, आणि मुरूम म्हणजे गौण खनिज. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पुण्याच्याच बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की, पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर वापरली असेल तर सरसकट स्वामित्वधन (रॉयल्टी) लावता येत नाही, मातीचा वापर कशासाठी झाला ते पाहावं लागतं. जागच्या जागी माती हलवून ट्रॅक करणाऱ्याला हा मुद्दा मांडता येतो. बाहेरून डंपर आणणाऱ्याला येत नाही.

शहराच्या टेकड्यांवर हा खेळ रुजणं शक्यच नव्हतं. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरचं बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षण पडलं आणि दीर्घ वादानंतर 2015 मध्ये राज्याने ते कायम केलं. ते व्हायलाच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. त्याच वर्षी महानगर प्राधिकरण आलं आणि ग्रामीण भागातल्या विकास परवानग्या त्याच्याकडे गेल्या. पुढे 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत गेली. हद्दीवरच्या गावात जागा तीच राहिली, पण अर्ज घेऊन जायचं कार्यालय बदललं.

आता गाडी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येच्या शेवटी काही अपवाद आहेत. केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी योजलेलं विशेष प्रकारचं वाहन त्यांपैकी एक. हे वाचताना डोळ्यांसमोर गोदामातला फोर्कलिफ्ट येतो. कामगार प्रशिक्षित, फाटकावर पहारा, बाहेरच्याला मज्जाव. रस्त्यासाठी न बनवलेली एटीव्ही मात्र याच दारातून आत शिरते. ट्रॅकला तारेचं कुंपण घातलं की झालं बंदिस्त आवार, आणि गाडी मोटार वाहनच नाही असं म्हणायची सोय होते. एकदा ते मान्य केलं की नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, चालवणाऱ्याचं लायसन्स नाही, त्रयस्थ विम्याची सक्तीही नाही.

दुसरा शब्दप्रयोग ‘सार्वजनिक जागा’. उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, विम्याच्या संदर्भात, त्याचा अर्थ बराच रुंद केला. जागा खाजगी असली, प्रवेश नियंत्रित असला, तरी लोकांची तिथे ये-जा असेल तर ती सार्वजनिक जागा ठरू शकते. मग तिकीट काढून कुणालाही आत घेणारा ट्रॅक सार्वजनिकच म्हणायला हवा. पण हेल्मेट, विमा, लायसन्स हे सगळे नियम लागायला आधी ‘मोटार वाहन’ असावं लागतं. म्हणजे जागा सार्वजनिक आणि तिच्यावर धावणारी गाडी मात्र वाहनच नाही! माझ्या मते अपवादातल्या ‘केवळ’ या शब्दाला वजन द्यायला हवं. जी एटीव्ही गावच्या पाणंदीवरून पुढच्या शेतात नेली जाते, ती ‘केवळ’ आवारातली राहत नाही. आणि ज्या आवारात पैसे भरून कुणीही शिरतं, त्याला कारखान्याच्या पंक्तीत बसवणं हा व्याख्येचा विपर्यास आहे.

मी एका ट्रॅकवर तासभर उभा राहिलो होतो. मनगटाला अडकवायची इंजिन बंद करणारी दोरी असते, ओढली गेली की गाडी थांबते. पाचही गाड्यांवर ती हँडलला गुंडाळून ठेवली होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिलेलं हेल्मेट मान वळवली की डोळ्यांवर येत होतं. वळणावर टायर रचले होते, तेवढं चांगलं होतं.

करमणुकीच्या जागा म्हणून पोलीस कायद्याखाली परवाना मागता येतो, तो मार्ग 1951 पासून आहे. जीएसटी आल्यावर करमणुकीवरचा कर राज्यघटनेने पंचायती आणि नगरपालिकांपुरता शिल्लक ठेवला, त्यामुळे ग्रामपंचायतीचा यात थेट आर्थिक संबंधही येऊ शकतो. ऑगस्ट 2021 मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली. त्याआधी 2014 आणि 2018 मध्ये काढलेल्या शासननिर्णयांवर गिर्यारोहकांनी जोरदार आक्षेप घेतले होते. तो सगळा विषय एका ट्रेकमधल्या मृत्यूवरून न्यायालयात गेला होता. साहजिकच चर्चा दोर, डोंगर आणि प्रशिक्षकांभोवती राहिली. इंजिनवर चालणारा खेळ त्या वादात कडेलाच पडला.

मी पाहिलेल्या एका ना हरकत दाखल्यात गट नंबर होता, क्षेत्र होतं, ‘पर्यटन व्यवसायासाठी’ एवढं लिहिलं होतं आणि सरपंचांची सही होती. गाड्या किती, कमीत कमी वय काय, दवाखाना किती लांब, यांपैकी एकही रकाना त्या कागदावर नव्हता.