गुन्हेगारीची कारणे : जैविक कोणते, आनुवंशिक कोणते

कसबा बावड्यातील न्यायालयाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एखाद्या आरोपीचा विषय निघाला, की कोणीतरी म्हणतेच, ‘त्याचा बापही तसलाच होता, रक्तातच आहे त्यांच्या.’ मेंदूच्या स्कॅनविषयीच्या बातम्या वाचणारी शिकलेली माणसेही वेगळ्या वाटेने तिथेच पोचतात. कारण शरीरात सापडले म्हणजे ते जन्माबरोबर आलेले असणार, असे ती गृहीत धरतात. या दोन्ही बोलण्यांत ‘जैविक’ आणि ‘आनुवंशिक’ या शब्दांची गल्लत होते.

मेंदू, मज्जासंस्था किंवा संप्रेरके यांच्या रचनेत वा कार्यात जे कारण असते, ते जैविक. ते तिथे कसे आले, हे या शब्दावरून कळत नाही. आईवडिलांच्या जनुकांतून जे येते, तेवढेच आनुवंशिक.

माझ्या ओळखीचे उद्यमनगरातील एक मिस्त्री लेथवर एकेका दोऱ्याचा हिशेब ठेवणारे, अतिशय शांत गृहस्थ होते. मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या कपाळाला जबर मार बसला. जखम भरली, ते कामावर परतले, पण चहा गार मिळाला एवढ्या कारणावरून त्यांनी पोऱ्याच्या अंगावर कप भिरकावला, आणि नंतर आपण असे का केले, हे त्यांनाच सांगता येईना. कपाळामागचा मेंदूचा भाग आवेगाला लगाम घालतो. त्याला इजा झाली, की असे बदल होऊ शकतात. हा बदल पूर्णपणे जैविक होता, परंतु त्यांच्या घराण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, आणि तो मुलांकडे जाण्याचाही प्रश्न नव्हता. शिशाचेही तसेच आहे. लहानपणी ते शरीरात गेले, तर वाढत्या मेंदूला कायमचा अपाय होतो आणि स्वतःला आवरण्याची शक्ती घटते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, ते मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने मोठे पाऊल होते.

आता जनुकांकडे वळू, कारण त्यांचा वाटा नाकारणेही प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. समाजविघातक वर्तनात माणसामाणसांत जे फरक दिसतात, त्यांतील सुमारे निम्मे जनुकीय फरकांशी जोडता येतात, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते. मात्र हा आकडा समूहातील फरकांचा आहे. त्यावरून एखाद्या आरोपीचा निम्मा गुन्हा जनुकांच्या माथी मारता येत नाही. नेदरलँड्समधील एका कुटुंबात एमएओए या, मेंदूतील काही रासायनिक संदेशवाहकांचे विघटन करणारे विकर बनवणाऱ्या जनुकातील बिघाड आणि पुरुषांचे आक्रमक वर्तन एकत्र आढळल्याचे 1993 मध्ये प्रसिद्ध झाले, पण तसा बिघाड अत्यंत दुर्मिळ आहे. याच जनुकाचा कमी सक्रिय प्रकार मात्र पुष्कळांमध्ये असतो, आणि न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथील 2002 च्या अभ्यासात त्याचा संबंध मुख्यतः बालपणी छळ सोसलेल्या मुलग्यांच्या पुढील वर्तनाशी दिसला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा निष्कर्ष सारखाच टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. मला यातली छळाची बाजू अधिक महत्त्वाची वाटते, कारण जनुक बदलता येत नाही, मूल मात्र वाचवता येते.

बापाकडून मुलाकडे जाणारे सगळेच जनुकांतून जात नाही, ही गोष्ट कोल्हापूरकरांना तरी वेगळी सांगायला नको. इटलीचा गुन्हेशास्त्रज्ञ लोम्ब्रोसो याने कवट्या मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला तो 1876 मध्ये. आपल्याकडे काही जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा गुन्हेगार जमातींचा कायदा त्याआधीच, 1871 मध्ये झाला होता. त्यामागचा विचार शरीरशास्त्राचा नव्हताच. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे जातिव्यवसायाचे गणित त्यात मांडले होते. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांना, स्वतः काही केलेले असो वा नसो, सरकारी अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यावी लागे. ज्याला रोज हजेरीला जावे लागते, त्याला परगावी मजुरीला जाता येत नाही आणि संशयितावर विश्वास टाकून कोणी कामही देत नाही. बापाची हलाखी मुलाकडे येते ती अशी, आणि बाहेरून पाहणारा तिलाच रक्ताचा गुण म्हणतो. शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली. चोर म्हणून हाकलल्या जाणाऱ्या फासेपारध्यांना त्यांनी कामे दिली, त्यांतल्या काहींना तर पहाऱ्यावर नेमले. ब्रिटिश मुलखातला कायदा मात्र 1952 मध्ये रद्द होईपर्यंत टिकला आणि तोवर त्या जमातींत जन्मणारे प्रत्येक मूल काहीही करण्याआधीच संशयित ठरत राहिले.