नकाशावरचं हिरवं आणि सातबाऱ्यावरचं नाव

उद्यानांच्या जागा घेण्यासाठी नाशिक महापालिकेनं कर्जरोखे काढावेत, असा विषय निघाला की आमच्या पाथर्डी फाट्याच्या बाजूला एक वाक्य हमखास कानावर पडतं: “डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, उद्यान दाखवलंय म्हणजे जागा महापालिकेचीच. मग पैसे कशाला लागतात?” सोसायटीच्या बैठकीत, सकाळच्या फेरीत, प्रचाराला आलेल्या उमेदवाराच्या तोंडून, सगळीकडे मी हे ऐकलंय. दर वेळी तेच समजावून थकलो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. जागेवर आरक्षण पडणं वेगळं आणि जागेचं संपादन होणं वेगळं.

आरक्षण म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. विकास आराखड्यात भूखंड हिरवा रंगवतात, त्याला क्रमांक देतात आणि उद्यान किंवा क्रीडांगण असं लिहितात. एवढ्यानं मालक बदलत नाही. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचंच नाव राहतं आणि पीकही तोच घेतो. फक्त त्याला तिथं इमारत बांधता येत नाही. बँक त्या जमिनीवर कर्ज द्यायला कचरते, गिऱ्हाईक फिरकत नाही. मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला ती जमीन कामी येत नाही, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. म्हणून जमीनमालक कोर्टात गेला की त्याला लगेच लोभी ठरवणं मला अजिबात पटत नाही.

संपादन म्हणजे ती जमीन मोबदला देऊन महापालिकेच्या नावावर करणं. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 126 मध्ये त्याचे तीन रस्ते आहेत: वाटाघाटीनं रोख खरेदी, टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जास्त बांधकामाची मुभा) देऊन जागा घेणं, नाहीतर सरकारमार्फत सक्तीचं भूसंपादन.

खरी गोम मुदतीत आहे, आणि ती कुणी सांगत नाही.

आरक्षण कायमचं नसतं. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक महापालिकेला खरेदी सूचना देऊ शकतो: जागा घ्या, नाहीतर मोकळी करा. सूचनेनंतर महापालिकेच्या हातात किती वेळ, हे बदलत गेलं. आधी सहा महिने होते, 2009 मध्ये बारा झाले, 2015 मध्ये चोवीस. तेवढ्यात संपादन झालं नाही, निदान त्याची खरी सुरुवात झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते मग इथंही बांधता येतं. आपल्या खिडकीसमोरच्या हिरव्या चौकोनावर सात मजले उभे राहतात आणि त्यात बेकायदा काही नसतं.

‘खरी सुरुवात’ या शब्दांवरही पुष्कळ भांडणं झाली. महापालिका जिल्हाधिकाऱ्यांना एक प्रस्ताव पाठवून मोकळी होत असे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसता पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे. तेव्हा महासभेनं ठराव केला, अंदाजपत्रकात उद्यानासाठी तरतूद दिसली, कोपऱ्यावर फलक लागला, यातल्या कशानंही घड्याळ थांबत नाही. घड्याळ थांबतं ते संपादनाची अधिसूचना राजपत्रात निघाल्यावर, आणि त्यासाठी मोबदल्याची तयारी लागते. म्हणजे पैसा.

नाशिकची सुधारित विकास योजना 2017 मध्ये मंजूर झाली. त्यात दहा वर्षं मिळवा. सिंहस्थाच्याच वर्षी, 2027 मध्ये, सूचना देण्याचा हक्क सुरू होतो. सगळं शहर तेव्हा घाटांच्या आणि रस्त्यांच्या कामात बुडालेलं असेल. आरक्षण आणि मालकी यांतला फरक बघायचा तर तपोवनात जा. साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामासाठी, दर कुंभाला शेतकऱ्यांच्या जमिनी भाड्यानं घ्याव्या लागतात. ज्याची जमीन, त्यालाच भाडं द्यावं लागतं.

आता मोबदला. 2013 च्या भूसंपादन कायद्यानं बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. समजा शहरातल्या एका भूखंडाचा भाव 5 कोटी धरला, तर बोजा 10 कोटींच्या पुढं जातो. भाव संपादनाच्या अधिसूचनेच्या तारखेचा धरतात, त्यामुळं दिरंगाईचं प्रत्येक वर्ष तोच भूखंड महाग करतं. म्हणून रोख द्यायला नको, टीडीआर द्या, असा सोपा मार्ग निघतो. तिजोरीतून काही जात नाही हे खरं. पण तो टीडीआर याच शहरात कुठंतरी वाढीव मजले होऊन उतरतो, तिथं माणसं वाढतात आणि त्यांनाही बसायला बाग लागते. दाट वस्तीतल्या छोट्या उद्यानांसाठी मी रोख खरेदीच्याच बाजूनं आहे.

रोखे इथं कामाला येतात. नाशिकला ते नवे नाहीत. 1999 मध्ये पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी महापालिकेनं 100 कोटींचे रोखे काढले होते, व्याज होतं 14.75 टक्के. पुण्यानं 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटी उभे केले ते 7.59 टक्क्यांनी. रोखे म्हणजे अनुदान नव्हे. ते व्याजासकट फेडायचे असतात आणि फेड शेवटी आपल्याच घरपट्टीतून होते. परदेशातले नातेवाईक म्हणतात की आमच्या गावात अशा कर्जावर नागरिक मतदान करतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तसं असतं. आपल्याकडं तसं मतदान होत नाही, म्हणून महासभेत विषय येईल तेव्हा नगरसेवकाला आधीच गाठायला हवं.

त्यात एक अट मी हट्टानं मागेन: हा पैसा जमिनीच्या मोबदल्यालाच जावा. कारंजी, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, प्रवेशद्वाराची कमान, यांतलं काहीही त्यातून नको. ही कामं पाच वर्षांनी करता येतात. व्यपगत झालेलं आरक्षण पाच वर्षांनी परत आणता येत नाही, कारण तोवर तिथं लोक राहायला आलेले असतात.

आमच्या इमारतीच्या जाहिरातीत ‘गार्डन फेसिंग’ असं छापलं होतं. आम्ही त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले. परवा मी समोरच्या जागेचा सातबारा ऑनलाइन काढला. भोगवटादार म्हणून एकाच घरातल्या पाच जणांची नावं आहेत, महापालिकेचं नाही. आता नगररचना विभागाकडं माहिती अधिकारात अर्ज दिलाय. त्यात दोनच प्रश्न विचारलेत. या आरक्षणाच्या जागेवर संपादनाची कोणती कारवाई कोणत्या तारखेला झाली? आणि कलम 127 ची सूचना आली आहे का?