यानाची गती आणि अभिमुखता (ऑनलाइन अवकाश-खेळांतील)

अनेक खेळाडू एकाच विश्वात खेळतात अशा अवकाश-खेळात यान कसे सरकते, कसे वळते आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे हे कोण ठरवते, या तीन प्रश्नांचा मिळून हा विषय होतो. गती म्हणजे यानाच्या मध्यबिंदूचे सरकणे. अभिमुखता म्हणजे त्या मध्यबिंदूभोवती यान कसे फिरलेले आहे ते. रस्त्यावरच्या गाडीत या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, गाडीचे तोंड जिकडे तिकडेच ती जाते. पोकळीत तसे बंधन नाही. यान एका दिशेने वाहत असताना त्याचे तोंड नेमके उलट असू शकते. ही मोकळीक खेळाडूला किती द्यायची, यावर खेळाचा स्वभाव ठरतो.

अवकाशात हवा नाही, त्यामुळे हवेचा अडथळा नाही. इंजिन बंद केले तरी यान त्याच वेगाने जात राहते. थांबायचे तर उलट दिशेने जोर लावावा लागतो. संगणकीय अवकाश-खेळांची सुरुवात याच नियमाने झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1962 साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-1 संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा खेळ तयार केला. दोन याने, मधोमध एक तारा आणि त्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण. यान फिरवायचे आणि जोर लावायचा, ब्रेक नव्हताच. 1979 च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये मात्र जोर काढून घेतला की यान हळूहळू मंदावते. पोकळीत खोटे घर्षण घालण्याची ही तडजोड आजवर टिकून आहे आणि तिला अज्ञान म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या पाठीवर दाब येत नाही, पोटात गोळा उठत नाही. वेगाची सारी जाणीव त्याला डोळ्यांनीच करून घ्यावी लागते, आणि शेजारून मागे पळणारी झाडे तर नसतातच. आपोआप मंदावणारे यान हाताला लवकर समजते. बऱ्याच खेळांत यानाभोवती उडणारे बारीक धूलिकण दाखवतात तेही याचसाठी. ते सजावटीसारखे वाटतात, पण रिकाम्या जागेत वेग ओळखायची अनेकदा तेवढीच खूण असते.

यानाला सहा प्रकारची मोकळीक असते. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली सरकणे ही तीन, आणि तीन अक्षांभोवती फिरणे ही उरलेली तीन. नाक वर-खाली करणे म्हणजे पिच, नाक डावी-उजवीकडे वळवणे म्हणजे यॉ, आणि नाक होते तिथेच ठेवून कुशीवर होणे म्हणजे रोल. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या 1984 मधल्या ‘एलिट’मध्ये पिच आणि रोल दोनच होते. उजवीकडचे लक्ष्य समोर आणायचे तर आधी यान कुशीवर घ्यायचे, मग नाक वर ओढायचे. एवढ्यावर कोणत्याही दिशेला तोंड करता येते. त्यातल्या अवकाशस्थानकात शिरणे हा तर अभिमुखतेचा उत्तम धडा होता: स्थानक स्वतःभोवती फिरत असे, आणि त्याच्या आडव्या फटीशी आपल्या यानाचा रोल जुळवत आत जावे लागे. 2014 साली आलेल्या ‘एलिट डेंजरस’ या ऑनलाइन वारसदारात यॉ आहे, पण पिचपेक्षा मंद. त्यामुळे आजही तिथे कुशीवर होऊन वळण्याची जुनी सवयच उपयोगी पडते.

यानाचे तोंड संगणकाच्या स्मृतीत लिहून कसे ठेवायचे, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. तीन फिरण्यांचे तीन कोन पुरे, असे पहिल्यांदा वाटते. पण नाक बरोबर 90 अंश वर गेले की यॉ आणि रोल यांचे अक्ष एकावर एक येतात. दोन वेगळे कोन बदलूनही एकच हालचाल घडते आणि एक मोकळीक नाहीशी होते. याला गिंबल लॉक म्हणतात. जमिनीवर ताठ चालणाऱ्या पात्राला त्याचा त्रास क्वचितच होतो. यान मात्र कोलांट्या घेते. यावरचे उत्तर कितीतरी आधी तयार होते. आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांना 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना चार घटकांच्या क्वाटर्निअन संख्या सुचल्या. या संख्यांनी अभिमुखता लिहिली की असा अडकण्याचा बिंदू येत नाही. दोन अभिमुखतांमधले वळण या संख्यांनी सुरळीत कसे भरायचे हे केन शूमेक यांनी 1985 साली दाखवले, आणि ती रीत संगणकीय चित्रणात रुळली. ऑनलाइन खेळाला ती फारच सोयीची आहे, कारण दुसऱ्या खेळाडूच्या यानाची स्थिती सर्व्हरकडून, म्हणजे सर्वांचा खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाकडून, तुकड्यातुकड्यांनी येते आणि मधले वळण आपल्या संगणकाला स्वतः काढावे लागते.

‘एलिट डेंजरस’मध्ये ‘फ्लाइट असिस्ट’ चालू असेल तर यानाचा संगणक लहान थ्रस्टर (बाजूंना जोर लावणारी छोटी इंजिने) पेटवून आडवे वाहणे मारत राहतो आणि यान नाकाच्या दिशेने जाते. तो बंद केला की वाहणे टिकते आणि गिरकीही टिकते. उलट जोर लावेपर्यंत ती थांबत नाही. मुरलेले खेळाडू या अवस्थेत पाठलाग करणाऱ्याकडे तोंड फिरवतात आणि पुढे वाहता वाहताच मागे गोळीबार करतात. तरीही वेगाला कमाल मर्यादा आहेच. शिवाय थ्रॉटलच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या नियंत्रकाच्या, मधल्या, निळ्या खुणेच्या पट्ट्यात यान सर्वांत चपळ वळते. खऱ्या पोकळीत वळणे आणि वेग यांचा असा संबंध नसतो. पण या एका बनावट नियमामुळे वेग किती ठेवायचा हा लढाईतला सततचा निर्णय होऊन बसतो.

आइसलंडच्या सीसीपी गेम्सने मे 2003 मध्ये सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ वेगळ्याच वाटेने जातो, आणि शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच आहे. इथे खेळाडू सहसा यान वळवायची दांडी (जॉयस्टिक) धरत नाही, हुकूम देतो: अमक्याकडे जा, तमक्याभोवती इतक्या अंतरावरून घिरट्या घाल, त्या दिशेला लाग. सर्व्हरच्या लेखी यान म्हणजे एक गोळा. त्याला जागा, वेग, वस्तुमान आणि त्रिज्या आहे, तोंड नाही. पडद्यावर नाक वळवणारे, झुकणारे यान दिसते ते आपल्या संगणकाने गतीवरून काढलेले चित्र. म्हणून थांबलेल्या यानाचे नाक लक्ष्याकडे असो की पाठ, निघायला वेळ तितकाच लागतो. पळायची तयारी म्हणून नाक त्या दिशेला वळवून उभे राहण्याचा काडीचाही उपयोग नाही. त्या दिशेने प्रत्यक्ष चालत राहिले तरच फायदा होतो.

हा गोळा जणू दाट द्रवातून चालतो. वेग आधी झपाट्याने आणि मग सावकाश वाढत कमाल वेगाला टेकतो. या चढणीचा कालांक, म्हणजे ती किती सावकाश होते याचे सेकंदांतले माप, असा निघतो: किलोग्रॅममधले वस्तुमान गुणिले जडत्वाचा गुणांक (खेळाने यानाला दिलेला आकडा), भागिले 10 लाख. वॉर्पमध्ये, म्हणजे दूरच्या ठिकाणी झपाट्याने नेणाऱ्या अतिवेगवान प्रवासात, शिरायला ठरलेल्या दिशेने कमाल वेगाच्या 75 टक्के वेग लागतो आणि स्थिर यानाला तिथे पोचायला कालांकाच्या सुमारे 1.39 पट वेळ जातो. कालांक 5 सेकंद असेल तर 6.93 सेकंद. पण सर्व्हर सेकंदातून एकदाच हिशेब करतो, त्यामुळे प्रत्यक्षात 7. आणि ज्या यानाचे गणित 6.1 येते तेही 7 व्या सेकंदालाच सुटते. 2 सेकंदांच्या आत सुटणाऱ्या यानाला खेळाडू एवढे का जपतात ते यावरून कळावे: अडवणाऱ्याला ते दिसेपर्यंत ते गेलेले असते. याच सूत्रातून एक सुंदर युक्ती निघते. वेग कमी करणारे ‘वेब’ हे शस्त्र एरवी शत्रूला रोखायला वापरतात. अजस्र मालवाहू यानावर मात्र त्याचाच सोबती ते मुद्दाम मारतो. कमाल वेग एकदम घसरतो, हाती असलेला वेग त्या नव्या कमालीच्या 75 टक्क्यांच्या वर ठरतो आणि इतके जड यान बघता बघता वॉर्पमध्ये शिरते.

तोंड नाही म्हटल्यावर तोफांनाही तोंड नाही. त्या कोणत्याही बाजूला मारा करतात. नेम लागणे ठरते ते लक्ष्याच्या कोनीय वेगावर, म्हणजे तोफेला किती भराभर फिरावे लागते यावर. 1,000 मीटर प्रतिसेकंद वेगाने आडवे जाणारे यान 10 किलोमीटरवर असेल तर कोनीय वेग सेकंदाला 0.1 रेडियन (कोन मोजायचे एकक) होतो. तेच 2 किलोमीटरवर आले की 0.5. त्यामुळे चिमुकले यान मोठ्या युद्धनौकेच्या अगदी जवळ घिरट्या घालून बचावते, आणि तेच यान सरळ रेषेत चाल करून गेले तर वाटेतच फुटते. नवख्यांची बहुतेक याने अशीच जातात. उपाय म्हणजे थोडे तिरके, चक्राकार जवळ जाणे.

दांडी धरून उडवायच्या खेळांत वेगाला मर्यादा का घालतात याचे मोठे कारण म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यातून संदेश यायला लागणारा उशीर. संदेश पोचायला एक दशांश सेकंद लागला, तर 200 मीटर प्रतिसेकंद वेगाचे यान दिसते त्याहून 20 मीटर पुढे असते; 3 किलोमीटर प्रतिसेकंद असेल तर 300 मीटर. एवढ्या फरकावर समोरासमोरची चकमक उभी राहत नाही. ‘ईव्ह’ने हुकमांची आणि सेकंदातून एकदाच हिशेब करण्याची पद्धत ठेवल्यामुळे असा उशीर तिथे बराचसा पचतो. हजारो याने जमली की तिथे काळच मंद करतात, अगदी नेहमीच्या 10 टक्क्यांपर्यंत. जानेवारी 2014 मधली बी-आर5आरबी या खेळातल्याच एका तारामंडळातली लढाई सुमारे 21 तास चालली, त्यात या मंदावलेल्या काळाचा मोठा वाटा होता.

शेवटची अडचण अंतराची. 32 बिटच्या, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 घरांत मावणाऱ्या, दशांश संख्येत जेमतेम 7 अंक अचूक राहतात. सूर्य केंद्रस्थानी धरून पृथ्वीइतक्या अंतरावर, म्हणजे सुमारे 15 कोटी किलोमीटरवर, यानाची जागा अशा संख्येत मीटरमध्ये लिहिली तर लगतच्या दोन जागांमध्ये 16,384 मीटरांची फट पडते; यान सरकणार नाही, उड्या मारेल. 64 बिटांत तीच फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. पण चित्र काढणाऱ्या यंत्रणेला 32 बिटच सोयीचे पडतात. म्हणून अनेक खेळांत खेळाडूचे यान शून्यबिंदूपाशीच ठेवले जाते आणि ग्रह, स्थानके, शत्रू, सारे विश्व त्याच्याभोवती मागे सरकवले जाते.