ओघळ आला? आधी थिनर जाऊ द्या

स्प्रे कॅनने घरीच फेंडर रंगवला आणि ओघळ आला, की हात लगेच थिनरच्या फडक्याकडे जातो. घोटाळा तिथेच होतो. जाड थरावर वरून साय धरते, आतला थिनर अडकून राहतो. अशा वेळी पुसलं, तर खालचा चांगला रंगही चिखलासारखा ओढला जातो.

दोन-तीन दिवस गाडी सावलीत ठेवा, पावसाळ्यात आठवडाभर. मग ओघळाच्या टोकावर नख दाबून पाहा. खूण उमटली तर अजून थांबा. घट्ट झाला असेल तर दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, 1000 नंबरचा वॉटर पेपर कडक ठोकळ्यावर गुंडाळा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने फक्त ओघळच घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. दर दहा-बारा हातांनी पुसून बघा: उंचवटा मंद दिसतो, त्याच्या कडेचा खोलगट भाग चमकतो. उंचवटा बाजूच्या रंगाशी सपाट झाला, की थांबा. पुढे टेप काढून 1500, मग 2000, शेवटी रबिंग कंपाउंड.

घासताना पाण्यावर लक्ष हवं. पाणी दुधाळ असेल तर क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, निघतोय. गाडीचा रंग पाण्यात उतरला, तर क्लिअर कोट संपला. (क्लिअर कोट नसलेल्या साध्या रंगात मात्र पाणी रंगीत होणारच.) कंपनीचा क्लिअर कोटसुद्धा साधारण 40 ते 50 मायक्रॉनचाच, म्हणजे केसापेक्षा पातळ, कॅनचा तर बेभरवशाचा. कडांवर आणि बॉडी लाइनवर (पत्र्यावरच्या उठावदार रेषेवर) तो सगळ्यात पातळ, तिथे पेपर नेऊच नका. मेटॅलिक रंगात बेस, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, घासला गेला की ॲल्युमिनियमचे कण ओरबाडले जातात आणि कितीही पॉलिश केलं तरी काळपट डाग राहतो. मग त्या भागावर बेस आणि पूर्ण पॅनेलवर क्लिअर पुन्हा मारण्यावाचून इलाज नाही.

संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा हे उलट दुखणं. कॅन लांब धरला किंवा बॉनेट उन्हात तापलेलं असलं, की थेंब एकमेकांत मिसळून सपाट व्हायच्या आधीच थिनर उडून जातो. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, अंतर 20 ते 25 सेंटिमीटर. क्लिअर कोट पुरेसा असेल तर हा खडबडीतपणा 1500, 2000, 3000 च्या पेपरने निघतो.

कोकणातल्या जुलैत वेगळीच कटकट. थिनर उडताना रंगातली उष्णता घेऊन जातो, थर गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं जमतं. चकाकी जाऊन पांढुरकी झाक येते. घासू नका. कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा हलका ओलसर हात मारला, तर थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेला ओलावा बऱ्याचदा निघून जातो.

माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडली तर संशय डॅशबोर्ड पॉलिशवर घ्या. त्यातल्या सिलिकॉनवर रंग टिकत नाही, बाजूला सरकतो. वरून आणखी रंग ओतून भोकं बुजत नाहीत. वाळल्यावर सपाट घासा, ग्रीस रिमूव्हरने एका फडक्याने पुसा, तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा.

सुरकुत्या आल्या असतील तर मात्र डागडुजी विसरा. नव्या थरातल्या थिनरने खालचा अर्धवट वाळलेला रंग फुगवलाय. तो घट्ट थरापर्यंत, गरज पडली तर पत्र्यापर्यंत, काढावाच लागतो.