वेढा कापला म्हणजे झालं?

अमेरिकेत १९७३ ते १९८७ च्या शेवरोले सी-१० टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप बुटक्या करणाऱ्यांत एक समज मुरलेला आहे: पुढच्या स्प्रिंगचा वेढा कापा, गाडी खाली येते आणि चालते पूर्वीसारखीच. खाली येते, हे खरं. पण वेढे घटले की स्प्रिंग कडक होते. काम करणाऱ्या १० वेढ्यांतला १ गेला तर सुमारे ११ टक्के. शिवाय दबायला जागा कमी उरते, मग खड्ड्यात दणका ठरलेलाच. स्प्रिंग गॅसवर तापवून खाली बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच उतरतं! त्यापेक्षा ड्रॉप स्पिंडल बरा: स्पिंडल म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस वर सरकतो, स्प्रिंगला हातही लागत नाही. मागे अ‍ॅक्सल पाट्यांच्या स्प्रिंगच्या वर घेतात. तेव्हा मात्र अ‍ॅक्सलला हलायला जागा म्हणून चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बहुतेकदा खाच पाडावी लागते.