जहाज कुठे ते कळलं, कुठे निघालं ते राहिलं

५ ऑगस्ट १९१४. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न बंदरातून ‘फाल्त्स’ नावाची जर्मन मालवाहू बोट सकाळीच सुटली होती. पोर्ट फिलिप हा तिथला उपसागर प्रशस्त आहे, पण समुद्राकडे उघडणारं त्याचं तोंड अगदी अरुंद. तिथे पोचण्याआधी बोटीची तपासणी झाली, काही आक्षेपार्ह सापडलं नाही, पुढे जायची परवानगीही मिळाली. खुला समुद्र समोर दिसत होता. तेवढ्यात दुपारी पाऊणच्या सुमारास काठावरच्या फोर्ट नेपिअन या किल्ल्यातून तोफ उडाली. बोटीला इजा झाली नाही, पण ती थांबली आणि मागे वळली. ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्ध सुरू झाल्याची बातमी काही मिनिटांपूर्वीच किल्ल्यावर पोचली होती.

युद्ध मात्र त्याच्या बऱ्याच आधी सुरू झालं होतं. ब्रिटनने जर्मनीला दिलेली मुदत लंडनच्या घड्याळाने ४ ऑगस्टच्या रात्री ११ वाजता संपली. त्या वेळी मेलबर्नमध्ये ५ तारखेचे सकाळचे नऊ वाजले होते. म्हणजे बातमी किल्ल्यावर पोचायला साडेतीन तासांहून जास्त वेळ लागला. इतकं अंतर कापायला प्रकाशाला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. मग हे तास गेले कुठे?

थोडा वेळ केबलने खाल्ला. समुद्राच्या तळाशी टाकलेली तारेची केबल म्हणजे मधे तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेलं आवरण आणि त्यावर पोलादी तारांचं वेष्टन. बाहेर खारं पाणी. एक वाहक आत, एक बाहेर, मधे विद्युतरोधक. शाळेत शिकलेलं धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारं साधन, असंच असतं. हे धारित्र हजारो किलोमीटर लांबीचं होतं. एका टोकाला दिलेला विजेचा झटका आधी ती सगळी लांबी ‘भरत’ जातो, त्यामुळे दुसऱ्या टोकाला तो टोकदार न राहता पसरट होऊन पोचतो. घाईने पाठवलेली अक्षरं एकमेकांत मिसळतात. म्हणून लांबच्या केबलवर सावकाश पाठवावं लागे. शिवाय वाटेत जागोजागी ठाणी होती, आणि एका केबलवरून आलेला संदेश पुढच्या केबलवर चढवावा लागे.

बराचसा वेळ मात्र माणसांनी घेतला. कुणी मजकूर लिहायचा, कुणी तो सांकेतिक लिपीत बसवायचा, पलीकडे कुणी उलगडायचा, मग तो योग्य टेबलावर पोचवायचा. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात आरमारांनी केलेल्या चुकांबद्दल मी जितकं वाचत गेलो, तितकं एक पक्कं होत गेलं. यंत्रं फारशी चुकली नाहीत. संदेशात काय घालायचं, काय गाळायचं आणि समोरचा ते कसं वाचेल, इथे घात झाला.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण भूमध्य समुद्रातलं आहे. तिथे जर्मनीची दोनच जहाजं होती: ‘गोबेन’ ही मोठी बॅटलक्रूझर, म्हणजे जड तोफांची वेगवान युद्धनौका, आणि ‘ब्रेस्लाउ’ ही हलकी क्रूझर, म्हणजे त्याहून लहान युद्धनौका. त्यांचा प्रमुख रिअर अॅडमिरल विल्हेल्म सुशोन. ४ ऑगस्टच्या पहाटे तो अल्जीरियाच्या किनाऱ्यावर फ्रेंच बंदरांवर मारा करायला निघाला असताना त्याला बिनतारी संदेश मिळाला: तुर्कस्तानशी करार झाला आहे, ताबडतोब कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) जा. तो इतका जवळ आला होता की तोफा डागल्याशिवाय परतणं त्याला पटेना. फिलिपव्हिल आणि बोन या बंदरांवर मारा करून मगच तो पूर्वेकडे वळला. आधी सिसिलीतल्या मेसिना बंदरात कोळसा घ्यायचा होता.

त्याच सकाळी समोरून ‘इन्डॉमिटेबल’ आणि ‘इन्डिफॅटिगेबल’ या दोन ब्रिटिश बॅटलक्रूझर आल्या. जहाजं तोफांच्या पल्ल्यात एकमेकांना ओलांडून गेली. नेहमीची सलामी कुणीच दिली नाही. ब्रिटनची मुदत संपायला अजून काही तास होते, त्यामुळे गोळीही कुणी झाडली नाही. ब्रिटिश जहाजं वळून पाठलागाला लागली आणि गोबेन सापडल्याची तार ब्रिटिश सेनापती अॅडमिरल मिल्नने लंडनला पाठवली. तारेत गोबेनचं स्थान होतं. ती कोणत्या दिशेने चालली आहे, ते नव्हतं.

लंडनमध्ये नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी गृहीत धरलं की ती पश्चिमेकडे, फ्रेंच सैनिक वाहून नेणाऱ्या जहाजांच्या मागावर असणार. खरं तर ती नेमकी उलट्या दिशेने धावत होती.

शाळेत सदिश राशी शिकवताना वेगाला परिमाण असतं तशी दिशाही असते, हे आपण पाठ करतो आणि विसरतो. चालत्या जहाजाबद्दल स्थान ही अर्धीच माहिती. २० नॉटच्या चालीने, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने, जहाज तीन तासांत शंभराहून जास्त किलोमीटर जातं. दिशा माहीत नसेल, तर तीन तासांनी ते या त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतं, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेळ दुप्पट झाला की शोधायचा समुद्र चौपट होतो. दिशेचा एक शब्द त्या वर्तुळाची चिंचोळी फाक करून ठेवतो. तो शब्द पाठवायला काही सेकंद लागले असते.

पुढचा गोंधळ शब्दांच्या अर्थाचा. लंडनहून आधीच आलेल्या सूचनेत ‘वरचढ’ शत्रूशी भिडू नका असं म्हटलेलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात ऑस्ट्रियाचं आरमार होतं. चार जुन्या क्रूझर घेऊन गोबेनची वाट अडवायला निघालेल्या रिअर अॅडमिरल ट्रूब्रिजने आपल्या तोफांपेक्षा गोबेनच्या तोफा मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या आहेत हे पाहिलं. या शब्दाचा अर्थ त्याने गोबेन असाच घेतला आणि तो मागे फिरला. पुढे त्याची लष्करी न्यायालयात चौकशी झाली आणि तो निर्दोष सुटला.

८ ऑगस्टला तर कळसच झाला. ऑस्ट्रियाशी युद्ध पेटल्याची तार आयत्या वेळी पाठवण्यासाठी लंडनमध्ये तयार करून ठेवली होती. ती चुकून रवाना झाली. युद्ध पेटलेलं नव्हतं. मिल्नने पाठलाग सोडला आणि ऑस्ट्रियाच्या आरमाराची वाट रोखायला निघाला. चूक दुरुस्त होऊन तो पुन्हा पूर्वेला वळेपर्यंत जवळजवळ एक दिवस गेला. त्या वेळात सुशोनने एजियन समुद्रातल्या एका बेटाजवळ कोळसा भरला. १० ऑगस्टच्या संध्याकाळी दोन्ही जहाजं कॉन्स्टँटिनोपलकडे नेणाऱ्या दार्दानेल्स सामुद्रधुनीत शिरली. ऑक्टोबरच्या अखेरीस याच जहाजांनी, आता तुर्की झेंड्याखाली, काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर मारा केला आणि तुर्कस्तान युद्धात ओढला गेला.

संदेशांची दुसरी लढाई तारा तोडण्याची होती. ५ ऑगस्टच्या पहाटे ‘अलर्ट’ नावाचं ब्रिटिश केबल-जहाज इंग्लिश खाडीत पोचलं. तळावरून लोखंडी आकडे ओढत नेऊन त्याने जर्मनीच्या पाच केबल वर काढल्या आणि कापल्या. स्पेन, टेनेरीफ, न्यूयॉर्क यांच्याशी जर्मनीचा थेट धागा एका सकाळीत तुटला. या कामाची आखणी आधीच झालेली होती. यानंतर जर्मनीला लांबच्या संदेशांसाठी परक्या केबलवर किंवा बर्लिनजवळच्या नाउएन इथल्या बिनतारी केंद्रावर भिस्त ठेवावी लागली.

केबलवरचा संदेश दोन टोकांत राहतो. बिनतारी संदेश आकाशात पसरतो, आणि ज्याच्याकडे योग्य यंत्र आहे त्याला तो ऐकू येतो. सांकेतिक भाषेने मजकूर झाकला, तरी ‘इथे कुणीतरी बोलतंय’ हे झाकता येत नाही. त्या काळची यंत्रं ठिणगीवर चालत. धारित्रात साठवलेला भार दोन धातूंमधल्या फटीतून ठिणगी होऊन उडे, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर विरत जाणाऱ्या लहरींचा एक झोत अँटेनातून बाहेर पडे. जुन्या यंत्रांचा आवाज कानातल्या फोनमध्ये खरखरीत येई. जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीने सेकंदाला सुमारे हजार ठिणग्या पाडणारी पद्धत आणली होती, तिचा आवाज बासरीसारखा सुरेल. तो वादळी खरखरीतूनही वेगळा ओळखू येई, हा तिचा मोठा गुण. पण त्याच सुरामुळे मजकुराचं एक अक्षरही न उलगडता तारवाला सांगू शके की बोलणारं जहाज बहुधा जर्मन आहे.

पल्लाही फसवा होता. १९०२ मध्ये मार्कोनीला ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर आढळलं होतं की दिवसा जितक्या अंतरावर संदेश पोचतात त्याच्या दुपटीहून कितीतरी लांब ते रात्री जातात. कारण वातावरणाच्या वरच्या भागातले विद्युतभारित थर. दिवसा सूर्यप्रकाशाने तयार होणारा खालचा थर या लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून दूर उतरतात. १९१४ साली हे कारण नीट ठाऊक नव्हतं. तरी आवाज क्षीण म्हणजे जहाज लांब, असा अंदाज बांधण्यापलीकडे तारवाल्यांच्या हाती फार काही नव्हतं.

शहाणी जहाजं गप्प बसून ऐकत राहिली. ‘क्रोनप्रिन्त्सेसिन सेसिली’ ही आलिशान जर्मन बोट सुमारे १ कोटी डॉलरचं सोनं घेऊन न्यूयॉर्कहून युरोपला निघाली होती. ३१ जुलैला अर्ध्या वाटेच्या पुढे असताना परत फिरण्याचा संदेश आला. कप्तानाने दिवे मालवले आणि धुरांड्यांच्या माथ्यांना काळा रंग देऊन तिला ‘ऑलिम्पिक’ या ब्रिटिश बोटीचं रूप दिलं. दाट धुक्यातून बोट पुरत्या वेगाने पिटाळत त्याने ४ ऑगस्टच्या पहाटे ती अमेरिकेतल्या बार हार्बर या लहानशा गावासमोर आणून उभी केली.

‘एम्डेन’ या जर्मन क्रूझरचा कप्तान कार्ल फॉन म्युलरही ही कला उत्तम जाणत होता. याच जहाजाने २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासमधल्या तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. बंगालच्या उपसागरात फिरताना ते शत्रूचे संदेश ऐके, स्वतः क्वचितच तोंड उघडे. ९ नोव्हेंबरला मात्र ते कोकोस बेटांपैकी डिरेक्शन बेटावरचं तारकेंद्र उद्ध्वस्त करायला गेलं, आणि आपल्या ‘बुरेस्क’ या कोळशाच्या बोटीला भेटीसाठी बिनतारीने हाक घातली. खोटं चौथं धुरांडं लावलेलं एम्डेन येताना बेटावरच्या तारवाल्यांनी पाहिलं आणि अनोळखी युद्धनौका आल्याचा संदेश सोडला. एम्डेनने त्यावर आपल्या ठिणग्यांचा गोंगाट करून पाहिला, पण उशीर झाला होता. पन्नासेक खलाशी किनाऱ्यावर उतरले. त्यांनी यंत्रं फोडली, केबल कापायला घेतली, डोलकाठी पाडली. ती टेनिसच्या मैदानावर पडू देऊ नका, एवढी तारवाल्यांची विनंती त्यांनी ऐकली.

आदल्या रात्री म्युलरने एका युद्धनौकेचे संदेश ऐकले होते. आवाज क्षीण होत चालला होता, म्हणून ती दूर जाते आहे, धोका नाही, असा हिशेब त्याने केला. त्या जहाजाबाबत तो बरोबरही होता. पण जवळूनच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं सैन्य घेऊन ३८ जहाजांचा काफिला चालला होता, आणि तो बिनतारी बंद ठेवून चालला होता. गप्प जहाजाचं अंतर कानाने मोजता येत नाही. काफिल्याची राखण करणारी ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन क्रूझर सुमारे ५० सागरी मैलांवर होती. बेटाची हाक तिने ऐकली आणि ती वळली.

सकाळी नऊच्या सुमारास एम्डेनवरून क्षितिजावर धूर दिसला. बोलावलेली बुरेस्क येते आहे, असं त्यांना वाटलं.